म्हणीबाहेरचे कुत्रे

‘आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते’ ही म्हण आपण घरात, वर्गात, कचेरीत सर्रास वापरतो. आंधळा आणि कुत्रा यांची गाठ मराठीने घालून दिली ती अशी! या दोघांची मैत्रीही होऊ शकते, हे पटायला अमेरिकेतल्या मॉरिस फ्रँकची हकिकत ऐकावी.

त्याचा एक डोळा सहाव्या वर्षी गेला, दुसरा सोळाव्या. १९२८ साली कुत्रा आणायला तो स्वित्झर्लंडला निघाला, तेव्हा बोटीवर त्याला पार्सलासारखे सांभाळले; खोलीला बाहेरून कुलूप! परतताना मात्र ‘बडी’ नावाची जर्मन शेफर्ड कुत्री सोबतीला होती आणि तो डेकवर मोकळा हिंडत होता. पुढच्याच वर्षी असे कुत्रे शिकवणारी ‘द सीइंग आय’ ही संस्था अमेरिकेत सुरू झाली.

कुत्रे धन्याला घरी नेते, असा आपला समज. तसे नसते. कोणती गल्ली, कितवे वळण, हे धन्याने डोक्यात ठेवायचे. खड्डा, पायरी, आडवी फांदी कुत्र्याने पाहायची. वाहनांचा कानोसा घेऊन ‘चल’ म्हणायचे धन्याने. पण गाडी अंगावर येत असेल, तर कुत्रे हुकूम मोडून जागीच थांबते. तेच त्याचे इमान.

आमच्या कोल्हापुरात मात्र महाद्वार रोडवरून बिंदू चौकापर्यंत असे कुत्रे नेऊन पाहा! गल्लोगल्लीची भटकी कुत्री त्याला सुखाने चालू देतील का? शिवाय त्याला शिकवायला वेळ आणि पैसा लागतो तो वेगळाच. भारतात असे कुत्रे विरळाच.

मग आपल्या आंधळ्या मुलाने पार्सलच राहायचे? १९३९ साली लाहोरच्या एका डॉक्टरांनी पाच वर्षांचाही नसलेला आपला आंधळा मुलगा दादरच्या अंधशाळेत धाडला. आईच्या जिवाचे काय झाले असेल! तोच मुलगा पुढे वेद मेहता या नावाने अमेरिकेत नामवंत लेखक झाला. त्याने ना कुत्रे बाळगले, ना काठी. भिंतीवरून परतणाऱ्या आवाजाचा अंदाज घेत तो चाले.

प्रत्येकाला हे साधेल असे नाही. पांढरी काठी मात्र बहुतेकांना साधते. अडचण येते ती आपल्या मायेची. ‘पडेल हो!’ म्हणत आपण मुलाचा हात सोडतच नाही. कोपऱ्यावरच्या दुकानातून एकट्याने मीठ आणताना तो दोनदा धडपडेल, तिसऱ्यांदा वळण ओळखेल. आणि रस्त्यात कुणी अंध भेटला, तर त्याची काठी ओढू नये; विचारावे, आणि हवा असेल तर आपला कोपर धरू द्यावा. वाट त्याला ठाऊक असते.