गिटहबवर दिसतं ते सगळं फुकटचं नसतं!

लखनौ असो की लातूर, प्रोजेक्टसाठी कोड उचलण्याआधी 'लायसन्स' नावाची फाइल शोधा. नसेल तर? गिटहबच्या अटींनुसार पब्लिक रिपॉझिटरी बघता येते, तिथल्या तिथे फोर्क करता येते, बस्स. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्राम साहित्यकृतीत मोडतो, म्हणजे बाकी हक्क लिहिणाऱ्याचेच.

👉 एमआयटी: विका, बदला, काहीही करा, फक्त कॉपीराइटची ओळ आणि लायसन्सचा मजकूर सोबत ठेवा.
👉 जीपीएल: बदल करून वाटलंत तर सोर्स कोडही त्याच लायसन्सखाली द्या.

लायसन्स बदलताही येतं. लोहित देवनागरी फॉन्ट आधी जीपीएलखाली होता. २०११मध्ये तो ओपन फॉन्ट लायसन्सखाली आला.

तुमचा कोड टाकताय? लायसन्स निवडूनच टाका.