धाराशिवची वेलांटी

'धाराशिव' हे नाव वहीत लिहून पाहा. धा, रा, शि, व अशी चार अक्षरे. त्यांतले तिसरे अक्षर काढताना हात काय करतो, तिकडे थोडे लक्ष द्या. बोलताना आधी 'श' उमटतो आणि मग 'इ'. लिहिताना मात्र वेलांटी 'श'च्या डावीकडे, म्हणजे त्याच्या आधी बसते. कोणी वेलांटीचा दंड आधी ओढून ठेवतो आणि मागाहून 'श' काढतो. कोणी 'श' पुरा करून मग मागे वळतो. लेखणीला यात कसलीच अडचण वाटत नाही. ती कागदावर हवी तशी पुढेमागे फिरते.

यंत्राला मात्र असे फिरता येत नाही. ते एका दिशेने चालते आणि एका वेळी एकच काम करते. म्हणून या छोट्याशा वेलांटीने यंत्रे बनवणाऱ्यांना पुष्कळ वर्षे घोर लावला. २०२३ साली उस्मानाबाद जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले आणि कचेऱ्यांच्या पाट्यांपासून शाळांच्या दाखल्यांपर्यंत हे चार अक्षरी नाव नव्याने उमटू लागले. आज तुळजापूरच्या बसस्थानकावर उभा असलेला कोणीही प्रवासी खिशातला फोन काढून ते नाव दोन-चार सेकंदांत लिहितो. ते इतके सोपे कसे झाले, हे समजून घेण्यासारखे आहे.

प्रथम छापखान्याकडे पाहू. पूर्वी पुस्तके छापण्यासाठी धातूचे खिळे वापरीत. प्रत्येक खिळ्याच्या टोकाला एक अक्षर उलटे कोरलेले असे. हे खिळे जुळवणाऱ्या कामगाराला जुळारी म्हणत. रोमन लिपीच्या जुळाऱ्यापुढे लहान आणि मोठी मिळून पन्नासएक अक्षरे, शिवाय अंक आणि विरामचिन्हे, एवढाच पसारा असे. मराठीच्या जुळाऱ्याचे तसे नव्हते. 'क' वेगळा, अर्धा 'क' वेगळा, 'क्ष' वेगळा. उकार खाली लागायचा, मात्रा वर चढायची, रफार त्याच्याही वर. खिळ्यांचे शेकडो प्रकार पुढ्यातल्या खणांत मांडलेले असत आणि कोणते अक्षर कोणत्या खणात आहे हे जुळाऱ्याच्या बोटांना पाठ असे. मुंबईत जावजी दादाजी यांच्या निर्णयसागर छापखान्याने या कामात जे सौष्ठव आणले, ते पाहून आजही मन प्रसन्न होते. लिपीला धक्का न लावता तिला धातूत उतरवणे किती कष्टाचे आहे, हे त्या जुन्या पोथ्या पाहिल्या की कळते.

पुढे टंकलेखनयंत्र आले आणि खरी पंचाईत झाली. या यंत्रावर पंचेचाळीसच्या आसपास कळा असतात. एका कळेवर दोन चिन्हे धरली, तरी सारी मिळून नव्वदच. शेकडो खिळ्यांचे काम नव्वद चिन्हांत कसे भागवावे? मग कारागिरांनी युक्त्या काढल्या. 'श', 'ण', 'ष' यांसारख्या अक्षरांचा काना काढून घेतला आणि तो स्वतंत्र कळेवर ठेवला. अर्धे अक्षर आणि काना असे दोन ठोके मारले की अक्षर पुरे होई. एरवी कळ दाबली की कागदाचा गाडा एक घर सरकतो. पण उकार, मात्रा आणि अनुस्वार यांच्या कळा अशा बनवल्या, की त्या दाबल्या तरी गाडा जागचा हलू नये. वेलांटीची कळ मात्र 'श'च्या आधीच दाबावी लागे, कारण यंत्राला मागे वळणे परवडत नसे. म्हणजे 'शि' लिहिताना टंकलेखकाने आधी 'इ' मनात आणायची आणि मग 'श'. सवयीने तेही जमे. मराठी टंकलेखनाच्या परीक्षा होत, आणि मिनिटाला तीस-चाळीस शब्द लिहिणारी मुले-मुली गावोगावच्या टंकलेखन वर्गांतून बाहेर पडत. गोदरेज कंपनीने १९५५ साली भारतीय बनावटीचे टंकलेखनयंत्र काढले, आणि पुढली कितीतरी वर्षे त्याच्या खडखडाटावाचून कोणत्याही कचेरीची कल्पना करता येत नसे.

मला हे यंत्र फार आवडते. त्याचे सारे कामकाज उघड्यावर चालते. कळ दाबताच कोणता दांडा उचलला गेला, हे लहान मुलालाही दिसते. पण मराठीचा लेखक म्हणून ते ओबडधोबडच. जोडाक्षरे मोडून उभी राहत, रफार भलत्याच ठिकाणी लटके आणि 'र' व 'क्ष' या दोघांना सारखीच जागा मिळे.

यंत्राला लिपी पेलत नाही, तर लिपीच थोडी सोपी करावी, असे अनेक विचारवंतांना वाटू लागले. विनायक दामोदर सावरकरांनी 'इ', 'उ', 'ए' ही स्वतंत्र अक्षरे न ठेवता 'अ'लाच वेलांटी, उकार आणि मात्रा द्याव्यात, असे सुचवले. 'किर्लोस्कर' मासिकाने ही पद्धत उचलली. त्याचे जुने अंक चाळले तर 'अि' आणि 'अु' अशी अक्षरे पानोपानी भेटतात. १९५३ साली उत्तर प्रदेश सरकारने लखनौ येथे लिपिसुधारणेसाठी एक परिषद भरवली. सर्वपल्ली राधाकृष्णन् तिचे अध्यक्ष होते. या परिषदेने आपल्या वेलांटीलाच हात घातला. ऱ्हस्व वेलांटीही उजवीकडे द्यावी, केवळ ओळख पटावी म्हणून तिचा दंड आखूड ठेवावा, अशी शिफारस झाली.

ही सर्व मंडळी लिपीची वैरी नव्हती. छपाई स्वस्त झाली तर पुस्तके स्वस्त होतील आणि ज्ञान खेड्यापाड्यांत पोचेल, हा त्यांचा हेतू स्तुत्यच होता. परंतु ती आखूड दंडाची वेलांटी लोकांच्या डोळ्यांना रुचली नाही, आणि थोड्याच वर्षांत ती पुन्हा डावीकडे परतली. माझ्या मते हे बरेच झाले. कारण तोवर जे यंत्र जन्माला आले होते, त्यापुढे लिपीला वाकण्याची गरजच उरणार नव्हती.

ते यंत्र म्हणजे संगणक. संगणकाला अक्षर ठाऊक नसते. त्याला आकडे तेवढे कळतात. म्हणून प्रत्येक अक्षराला एक क्रमांक द्यावा लागतो. हे काम प्रथम रोमन लिपीसाठी झाले. देवनागरीसाठी कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत खटपट सुरू झाली. तेथे मोहन तांबे यांनी या कामी मोठा वाटा उचलला. १९८८ साली पुण्यात 'सी-डॅक' ही संस्था स्थापन झाली आणि हे काम तेथे वाढले. संगणकाच्या पेटीत एक जादा पट्टी बसवावयाची, की तोच संगणक भारतीय लिप्या दाखवू लागे. तिला 'जिस्ट' कार्ड म्हणत. १९९१ साली भारतीय मानक संस्थेने भारतीय लिप्यांच्या क्रमांकांचा तक्ता प्रमाण म्हणून जाहीर केला. जगातील सर्व लिप्यांना एका तक्त्यात बसवणाऱ्या 'युनिकोड' या व्यवस्थेनेही देवनागरीची मांडणी या भारतीय तक्त्याच्या आधीच्या आवृत्तीवरूनच घेतली.

या सर्व खटपटीत एक कल्पना आहे, आणि ती मला अत्यंत सुंदर वाटते. अक्षर साठवणे आणि अक्षर दाखवणे ही दोन कामे तिने वेगळी केली. साठवताना उच्चाराचा क्रम पाळायचा, दाखवताना लिपीचा. युनिकोडमध्ये 'श'चा क्रमांक २३५८ आणि ऱ्हस्व वेलांटीचा २३६७. 'धाराशिव' लिहिताना आपण 'श'ची कळ आधी दाबतो आणि वेलांटीची मागून. संगणकाच्या स्मरणातही ते त्याच क्रमाने राहते. पडद्यावर चित्र काढण्याची वेळ आली की एक छोटा कार्यक्रम पुढे येतो, वेलांटीला उचलून 'श'च्या डावीकडे नेऊन बसवतो आणि तिची कमान अक्षराच्या रुंदीप्रमाणे जुळवून घेतो. 'नळदुर्ग' या नावात याच्या उलट घडते. तेथे 'र'चा उच्चार 'ग'च्या आधी होतो. साठवणही तशीच, आधी 'र' आणि मग हलन्ताचे चिन्ह आणि 'ग'. पण पडद्यावर तो 'र' रफार होऊन 'ग'च्या डोक्यावर जाऊन बसतो. बोलणाऱ्याचे बोलणे राहिले आणि लिहिणाऱ्याचे वळणही राहिले. संगणकांवर पुष्कळ काळ दिसत असलेला 'मंगल' हा देवनागरी अक्षरसंच रघुनाथ कृष्ण जोशी या मराठी सुलेखनकाराने रेखाटला होता.

हे सारे एका दिवसात सुरळीत झाले, असे मात्र नाही. युनिकोड सर्वत्र पोचण्यापूर्वी निरनिराळ्या कंपन्यांनी आपापले अक्षरसंच काढले होते. त्यांतले पुष्कळसे रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर मराठी अक्षरांची चित्रे चिकटवत. लेख लिहिताना तो मराठी दिसे. पण तोच अक्षरसंच नसलेल्या संगणकावर उघडला, की रोमन अक्षरांचा आणि विरामचिन्हांचा खिचडा पुढे येई. असा खिचडा झालेली कागदपत्रे आजही पुष्कळ ठिकाणी पडून आहेत.

शिवाय मराठीची काही लेणी हिंदीहून निराळी आहेत. 'ळ' तक्त्यात आधीपासूनच होता, म्हणून कळंब आणि नळदुर्ग यांचे ठीक चालले. पण 'शेतकऱ्यांना' हा शब्द घ्या. यातला 'ऱ्या' हा 'आचार्य' मधल्या 'र्या'सारखा नाही. त्याचा 'र' आडव्या लहरीसारखा काढतात. ज्यांना मराठी येत नव्हते अशांनी बनवलेल्या कित्येक कार्यक्रमांत तो नीट उमटत नसे आणि कागदावर 'शेतकर्यांना' असे छापून येई. ज्या जिल्ह्यात बहुतेकांचा संसार सोयाबीन, तूर आणि ज्वारीवर चालतो, तेथे शेतकऱ्याचे नावच चुकीचे छापले जावे, हे मला क्षुल्लक वाटत नाही. 'ॲ' या अक्षराला तर युनिकोडच्या तक्त्यात स्वतंत्र जागा २००८ साली मिळाली.

आणखी एक गंमत सांगतो. पण ती केवळ गंमत नाही. 'ॲप' हा शब्द दोन प्रकारे लिहिता येतो. एक, 'ॲ'ची स्वतंत्र कळ दाबून. दुसरा, 'अ'वर चंद्र ठेवून. डोळ्यांना दोन्ही अगदी सारखे दिसतात. संगणकाला मात्र ते दोन निरनिराळे शब्द वाटतात, कारण त्यांचे आकडे निराळे. 'ऱ्या'ही असाच दोन मार्गांनी लिहिता येतो. आता विचार करा. परंडा तालुक्याचे नाव कोणी 'परंडा' लिहितो, कोणी 'परांडा'. माणूस दोन्ही वाचून एकच गाव समजतो. यंत्र तसे समजत नाही. एखाद्याचे नाव सातबाऱ्यावर 'रविंद्र' आणि बँकेत 'रवींद्र' असेल, तर यंत्राच्या लेखी ती दोन माणसे झाली. महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा २०१८ पासून मिळू लागला आणि तलाठ्याकडच्या कित्येक खेपा वाचल्या, ही मोठीच सोय होय. पण एका वेलांटीपायी ज्याचा अर्ज परत आला, त्याला ती सोय कशी समजावून सांगावी? शुद्धलेखन आता केवळ मराठीच्या तासापुरते राहिलेले नाही.

आता कळफलकाविषयी थोडे. 'इनस्क्रिप्ट' नावाचा जो सरकारमान्य कळफलक आहे, त्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला ठेवली आहेत. मराठीत ज्या जागी 'क' आहे, त्याच जागी बंगालीत आणि तेलुगूतही 'क' आहे. एकदा बोटांना सवय झाली की तो झरझर चालतो. असे असूनही पुष्कळ लोक रोमन अक्षरे दाबून मराठी लिहितात आणि त्या अक्षरांचे देवनागरी करण्याचे काम यंत्रावर सोपवतात. ज्याची त्याची सोय, हे खरे. तथापि आपली भाषा लिहिण्यासाठी दुसऱ्या लिपीची वाट तुडवत जाणे मला द्राविडी प्राणायामासारखे वाटते. बोलून लिहिण्याची नवी सोय त्यापेक्षा चांगली. मात्र उमरगा-लोहाऱ्याकडच्या बोलीतले शब्द ऐकले की ती अजून पुष्कळदा गोंधळते.

देवनागरीला यंत्राच्या जगात थोडे अधिक भाडेही पडते. फोनवरचा साधा लघुसंदेश रोमन अक्षरांत १६० चिन्हांचा असतो. त्यात एकही देवनागरी अक्षर आले, की मर्यादा ७० वर उतरते. त्यातही 'धाराशिव' हे आपल्याला चार अक्षरांचे वाटले, तरी ध, काना, र, काना, श, वेलांटी आणि व अशी यंत्राच्या हिशेबी त्याची सात चिन्हे होतात. तारेच्या काळात शब्द मोजून पैसे पडत. त्याचीच ही नवी तऱ्हा म्हणावयाची.

शेवटी या जिल्ह्यातल्या जुन्या कागदांविषयी. १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या राज्यात होता. कचेरीचा कारभार उर्दूत चाले, घरगुती पत्रे आणि हिशेब मोडीत लिहिले जात, आणि देवनागरी, म्हणजे बाळबोध, पोथ्यापुस्तकांसाठी असे. अजूनही काही घरांत पेटीच्या तळाशी मोडीतले कागद सापडतात. त्या मोडीला युनिकोडच्या तक्त्यात २०१४ साली जागा मिळाली. तेव्हा तीही आता संगणकावर लिहिता येते, मात्र तिचे अक्षरसंच अद्याप थोडे आहेत. तुमच्या घरी असा एखादा कागद असेल, तर वडीलधाऱ्यांना विचारून तो नीट पाहा. मोडी लिहिणारे ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळीत नसत. त्यांची वेलांटी एकच, आणि ती अक्षराच्या उजवीकडे असे.