सडाजवळची गाठ आणि प्रथिनांची साक्ष

नसबंदी न झालेल्या कुत्रीला होणाऱ्या गाठींमध्ये स्तनग्रंथींच्या गाठी सर्वांत जास्त आढळतात. कुत्रीला सहसा सडांच्या पाच जोड्या असतात. मागच्या दोन जोड्यांत ग्रंथी मोठ्या, म्हणून गाठही तिथेच अधिक येते. ढोबळमानाने निम्म्या गाठी साध्या, निम्म्या कर्करोगाच्या निघतात, आणि नुसते चाचपून दोन्हींतला फरक खात्रीने कळत नाही. काही गाठींत तर कूर्चा आणि हाडही तयार झालेले दिसते.

सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची ठेवण पाहून निदान होते. त्या पेशी पुढे कशा वागतील, याचा अंदाज त्यांच्यातली प्रथिने देतात. गाठीच्या पातळ कापावर विशिष्ट प्रतिपिंड सोडले की ते नेमक्या प्रथिनाला चिकटते आणि तिथे बहुधा तपकिरी रंग उमटतो. केआय-67 हे प्रथिन फक्त विभाजनाच्या चक्रात असलेल्या पेशीच्या केंद्रकात सापडते. रंगलेल्या केंद्रकांचे प्रमाण जितके जास्त, तितकी गाठ सहसा आक्रमक. ई-कॅडहेरिन पेशींना एकमेकींशी जखडून ठेवते. ते घटले की पेशी सुटून पसरण्याची शक्यता वाढते. कॉक्स-2 हे विकर घातक गाठींत अधिक दिसते.

इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांचे ग्राही साध्या गाठींत जास्त असतात, घातक गाठींत कमी होत जातात. ही वाढ संप्रेरकांवर पोसते, हे नसबंदीच्या परिणामातूनही दिसते. 1969 सालच्या एका अमेरिकी अभ्यासानुसार, पहिल्या माजाआधी नसबंदी झालेल्या कुत्रीचा धोका नसबंदी न झालेलीच्या तुलनेत 0.5 टक्के उरतो, एका माजानंतर 8 टक्के, दोन किंवा अधिक माजांनंतर 26 टक्के. नंतरच्या समीक्षकांनी या आकड्यांच्या भक्कमपणावर शंका घेतली आहे. हर-2 या प्रथिनाबाबत तर अधिकच जपायला हवे. स्त्रियांच्या स्तनाच्या कर्करोगात त्यावर उपचार ठरतो, कुत्रीत मात्र त्याचा अर्थ अजून वादात आहे. माणसांचा निकष तिला जसाच्या तसा लावणे चूकच.

हे सारे ऊतक नीट टिकले तरच. अकोल्याचा उन्हाळा 45 अंशांपलीकडे जातो. उघड्यावरचा तुकडा तेवढ्या उष्णतेत लवकर कुजू लागतो आणि प्रथिनेही बिघडतात. म्हणून काढलेली गाठ फेकू नये. मोठी असेल तर काप देऊन, दहापट 10 टक्के फॉर्मलिनमध्ये लगेच बुडवावी. फॉर्मलिनमध्ये फार दिवस ठेवली तरी रंग फिका येतो. महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था अकोल्यातच आहे. नमुना तपासणीला पाठवताना सोबतच्या चिठ्ठीत कुत्रीचे वय, नसबंदी झाली की नाही, गाठ कोणत्या सडाजवळ होती आणि किती वेगाने वाढली, हे लिहावे.

प्रथिनांची तपासणी झाली तरी काखेतल्या व जांघेतल्या लसिकाग्रंथी चाचपणे आणि छातीचा एक्स-रे काढणे टळत नाही, कारण हा कर्करोग लसिकाग्रंथींत आणि फुफ्फुसांत पसरतो.