शांत झालेली भट्टी

इतिहासाची साक्ष देणाऱ्या वास्तू म्हटल्या की किल्ले, राजवाडे आणि देवालये यांचीच चित्रे सामान्यतः डोळ्यांपुढे उभी राहतात. युरोपात जाणारे प्रवासीही बहुधा जुनी चर्चे आणि राजेलोकांचे प्रासाद पाहण्यातच रमून जातात. परंतु जर्मनीच्या पश्चिम सीमेलगत, सार नदीच्या काठी, एक असे स्थळ आहे की जेथे ना कोणी राजा राहिला, ना कोणी धर्मोपदेशक. तेथे दिसतात त्या गंजाने तांबूस झालेल्या प्रचंड भट्ट्या, काळवंडलेली धुराडी आणि एकमेकांत गुंतलेले अजस्र नळ. फ्योल्कलिंगेन नगरातील लोखंडाचा हा जुना कारखाना १९८६ साली बंद पडला. तरीही दूरदूरची माणसे तो पाहावयास येतात. बंद पडलेल्या कारखान्यात पाहण्यासारखे असते तरी काय?

या प्रश्नाचे उत्तर मिळण्यासाठी प्रथम तो कारखाना तेथे का उभा राहिला, हे समजून घेतले पाहिजे. सार नदीच्या खोऱ्यात दगडी कोळसा विपुल होता. शेजारच्या लोरेन आणि लक्झेंबर्ग या प्रदेशांत लोहखनिज सापडत असे. मालाची ने-आण करण्यास नदी होती आणि लोहमार्गही होता. १८७३ साली यूलियुस बूख नावाच्या उद्योजकाने येथे लोखंडाचा कारखाना काढला. परंतु तो सहा वर्षांतच बंद पडला. १८८१ साली कार्ल रोखलिंग याने तो विकत घेतला आणि १८८३ साली तेथे पहिली झोतभट्टी पेटली. पुढे अशा सहा भट्ट्या एका ओळीत उभ्या राहिल्या.

झोतभट्टी म्हणजे आतून अग्निरोधक विटांनी मढविलेला एक उंच मनोराच होय. तिच्या वरच्या तोंडातून लोहखनिज, कोक आणि चुनखडी यांचे थरावर थर टाकतात आणि खालून तापलेल्या हवेचा जोरदार झोत सोडतात. लोहखनिजात लोखंड असते खरे. परंतु ते प्राणवायूशी जखडलेले असते. कोक जळू लागला की त्यातून निघणारा वायू खनिजातील प्राणवायू हिरावून घेतो आणि लोखंड मोकळे होऊन वितळते. खनिजातील माती व दगड चुनखडीशी मिसळतात आणि त्यांची मळी बनते. ही मळी हलकी असल्यामुळे लोखंडाच्या रसावर तरंगते. काही तासांनी भट्टीच्या तळाचे छिद्र फोडले की लोखंडाचा धगधगता रस वाळूच्या पन्हळीतून ओढ्यासारखा वाहू लागतो.

हे वर्णन वाचावयास सोपे वाटते. परंतु भट्टीची भूक भागविणे हे सोपे काम नव्हते. साधा दगडी कोळसा भट्टीत घालून चालत नाही. तो बंद कोठीत, हवा लागू न देता, तापवावा लागतो. तेव्हा त्याचा कोक बनतो. त्यासाठी १८९७ साली कारखान्याच्या आवारातच कोकच्या भट्ट्या बांधण्यात आल्या. १९११ साली खनिज आणि कोक भट्टीच्या माथ्यावर नेण्यासाठी विजेवर चालणारा लोंबता मार्ग उभारण्यात आला. या मार्गाला टांगलेल्या डोलीसारख्या गाड्या तिरप्या चढणीने वर जात आणि जमिनीपासून सुमारे २७ मीटर उंचीवरील सज्जावर पोहोचत. तेथे कामगार त्या ढकलत भट्टीच्या तोंडापर्यंत नेत आणि रित्या करीत. पुढे १९२८ च्या सुमारास खनिजाचा बारीक चुरा आणि भट्टीतील धूळ भाजून त्यांचे डिखळे बनविणारा विभागही निघाला. पूर्वी वाया जाणारा चुरा त्यामुळे पुन्हा भट्टीत घालता येऊ लागला.

येथील सर्वांत चतुर योजना होती ती वायूची. भट्टीच्या माथ्यातून बाहेर पडणारा वायू धुळीने भरलेला असे. परंतु त्यात जळण्याची शक्ती शिल्लक असे. तो गाळून स्वच्छ करीत आणि मोठमोठ्या नळांतून यंत्रशाळेत नेत. तेथे त्याच्यावर प्रचंड इंजिने चालत. त्या इंजिनांची जड चाके माणसाच्या उंचीहून पुष्कळ मोठी आहेत. ही इंजिने जी हवा फुंकीत, तीच हवा तापवून भट्टीत सोडली जाई. म्हणजे भट्टीचा उच्छ्वासच भट्टीला श्वास पुरवीत असे!

आता पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळू लागते. ज्याला यातले काही ठाऊक नाही त्याला तेथे केवळ गंजक्या लोखंडाचे जंगल दिसेल. परंतु ज्याला ठाऊक आहे तो एखाद्या नळाकडे पाहून विचारतो, “हा कोठून निघाला आणि कोठे गेला?” तो नळाच्या मागोमाग चालू लागतो आणि भट्टीपासून यंत्रशाळेपर्यंत पोहोचतो. तो लोंबत्या मार्गावरील गाडीच्या वाटेने वर चढतो आणि कोठारापासून भट्टीच्या तोंडापर्यंत जातो. पुस्तकाची पाने क्रमाने वाचावीत त्याप्रमाणे हा कारखाना क्रमाने वाचता येतो. कारण येथील एकही वस्तू शोभेसाठी केलेली नाही. प्रत्येकीला काही ना काही काम होते.

या पुस्तकात यंत्रांइतकीच माणसांचीही कथा आहे. पेटलेली झोतभट्टी रात्री विझवून सकाळी पुन्हा पेटविता येत नाही. तिला दिवस-रात्र समजत नाही आणि सण-सुटीही समजत नाही. त्यामुळे कामगारांच्या पाळ्या अखंड चालत. भट्टीतून सुटणाऱ्या वायूला ना रंग, ना वास. परंतु तो श्वासावाटे शरीरात गेल्यास मनुष्य मृत्युमुखी पडतो. अशा वायूच्या सान्निध्यात, धुळीत आणि अंग भाजून काढणाऱ्या उष्णतेत हजारो माणसांनी आपले आयुष्य वेचले. १९६५ साली या कारखान्यात सतरा हजारांहून अधिक लोक काम करीत होते. नगरातील असंख्य घरांच्या चुली या भट्ट्यांच्या बळावर पेटत होत्या.

या पुस्तकाची काही पाने काळीकुट्टही आहेत. दोन्ही महायुद्धांच्या काळात येथे युद्धासाठी लोखंड आणि पोलाद तयार होत असे. कामाला माणसे अपुरी पडू लागली, तेव्हा युद्धकैद्यांना आणि परदेशांतून पकडून आणलेल्या स्त्रीपुरुषांना येथे सक्तीने राबविण्यात आले. दोन्ही युद्धांत मिळून अशा लोकांची संख्या बारा हजारांहून अधिक होती. त्यांत मुलेही होती. कित्येकांना येथेच मरण आले. दुसऱ्या महायुद्धानंतर कारखान्याचे प्रमुख हेरमान रोखलिंग यांच्यावर खटला झाला आणि न्यायालयाने त्यांना दोषी ठरवून कारावासाची शिक्षा दिली. २०१८ साली क्रिस्तियाँ बोल्तान्स्की या फ्रेंच कलावंताने या सक्तीच्या मजुरांचे स्मारक कारखान्याच्या आवारातच उभारले. तेथे कामकऱ्यांच्या काळ्या कपड्यांचा एक ढीग आहे आणि त्या मजुरांची नावे हलक्या आवाजात कानी पडत राहतात.

१९७३ नंतर युरोपातील पोलादधंद्याला उतरती कळा लागली. लोखंडाची मागणी घटली. लोरेनच्या खनिजात लोखंडाचा अंश कमी होता. समुद्रमार्गाने येणारे परदेशी खनिज त्याहून सरस ठरू लागले. जुन्या, लहान भट्ट्यांपेक्षा नव्या, मोठ्या भट्ट्या अधिक किफायतशीर होत्या. अखेर सारच्या खोऱ्यातील कच्चे लोखंड एकाच ठिकाणी, डिलिंगेन येथे, तयार करावयाचे ठरले आणि १९८६ साली फ्योल्कलिंगेनची शेवटची भट्टी थंड झाली. शेजारच्या पोलादाच्या कारखान्यातील काम मात्र पुढेही चालू राहिले.

आता या थंडावलेल्या भट्ट्यांचे करावयाचे काय? मोडून टाकल्या तर लोखंड भंगाराच्या भावाने विकता येईल आणि जागाही मोकळी होईल, हा विचार व्यवहाराला धरून होता. ज्यांची रोजी गेली, त्यांच्या दृष्टीने तर ते सांगाडे दुःखाची आठवण करून देणारेच होते. दुसऱ्या बाजूने काही जाणकार म्हणत होते की, राजाचा वाडा जपावयाचा आणि हजारो माणसांनी जेथे घाम गाळला ती जागा मात्र पुसून टाकावयाची, हा न्याय नव्हे. शेवटी कारखाना राखण्याचा निर्णय झाला. १९९४ साली युनेस्को या आंतरराष्ट्रीय संस्थेने त्याचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला. एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांतील लोखंडाचा संपूर्ण कारखाना बंद पडूनही जसाच्या तसा उभा असल्याचे दुसरे उदाहरण पश्चिम युरोपात वा उत्तर अमेरिकेत उरले नव्हते.

परंतु निर्णय घेणे सोपे आणि तो पार पाडणे कठीण. दगडी मंदिर शेकडो वर्षे तग धरते. लोखंडाच्या पत्र्याला मात्र पाऊस व हवा थोड्याच वर्षांत खाऊन टाकतात. सगळीकडे ताजा रंग फासला तर जुन्या कामाच्या खुणा झाकल्या जातील आणि काहीच न केले तर जिने, सज्जे व नळ कोसळून पडतील. या दोहोंमधील वाट शोधण्याचे काम तेथे सतत चालू असते. ओसाड कारखान्यात परवानगीवाचून शिरणे किती धोक्याचे आहे, हेही यावरून ध्यानात येते. वरून भक्कम भासणारा जिना आतून पोखरलेला असतो आणि गवताखाली खोल खड्डा दडलेला असतो. म्हणूनच फ्योल्कलिंगेन येथे प्रेक्षकांसाठी वाटा आखून दिलेल्या आहेत आणि भट्ट्यांवर चढताना डोक्यावर हेल्मेट घालावे लागते.

निसर्गानेही आपले काम थांबविलेले नाही. कोकच्या भट्ट्यांचा परिसर एके काळी धूर आणि ज्वाळा यांनी भरलेला असे. आज तेथे झाडेझुडपे वाढली असून त्या जागेला ‘स्वर्ग’ असे नाव देण्यात आले आहे. जर्मनीतीलच ड्युइसबुर्ग शहरी १९८५ साली बंद पडलेल्या दुसऱ्या एका लोखंडाच्या कारखान्याचे तर मोठे उद्यानच झाले. ते पेटर लाट्झ या वास्तुकाराने आखले. तेथील वायूची प्रचंड टाकी पाण्याने भरली असून तिच्यात पाणबुडे बुडी मारण्याचा सराव करतात. खनिजाच्या कोठारांच्या भिंतींवर तरुण मंडळी गिर्यारोहण शिकतात. परदेशांतून आलेल्या खनिजाबरोबर काही वनस्पतींची बीजेही आली होती. ती तेथे रुजली आणि मूळ धरून राहिली.

फ्योल्कलिंगेनच्या भट्टीतून आता लोखंडाचा रस वाहत नाही. तिच्या उंच सज्जावर उभे राहिले म्हणजे खाली नगर, नदी आणि लोहमार्ग दिसतात. या लोहमार्गांना, पुलांना आणि घरांच्या तुळयांना लागणारे लोखंड व पोलाद अशाच भट्ट्यांतून निघाले आणि त्यामागे असंख्य अज्ञात माणसांचे हात होते. राजांची नावे इतिहासाच्या पानांवर लिहिलेली असतात. या माणसांची नावे तशी कोठेच लिहिलेली नसतात. त्यांचा कारखाना उभा आहे तोवर मात्र ती माणसे काय करीत होती, कशी करीत होती आणि त्यांनी काय काय सोसले, हे विचारणाऱ्याला त्याचे उत्तर तेथे जाऊन डोळ्यांनी पाहता येईल.