सांकेतिक भाषा सरकारने बनवली म्हणे!

मीरा रोड-भाईंदरहून चर्चगेटकडे जाणाऱ्या लोकलच्या दिव्यांगांच्या डब्यात कर्णबधिरांच्या गप्पा रंगलेल्या दिसल्या की कुणीतरी जाणकार हमखास सांगतो, "सरकारने त्यांच्यासाठी भाषा बनवलीय, शाळेत शिकवतात." हे ऐकून कान किटले. मुंबईत कर्णबधिरांची शाळा १८८०च्या दशकातच निघाली; पण त्याच सुमारास, १८८० मध्ये, मिलानच्या शिक्षक-परिषदेने हातवारे बंद, फक्त बोलणं शिकवा असा ठराव केला. जगभरच्या शाळांवर पुढे कित्येक दशकं त्याचीच छाप राहिली. वर्गात जे दाबलं जात होतं, ते मुलं मधल्या सुट्टीत आणि वसतिगृहात एकमेकांकडून शिकली. घरून शिकण्याचा प्रश्नच नव्हता, कारण बहुतेक कर्णबधिर मुलांचे आईवडील ऐकू येणारे असतात. म्हणून ही भाषा सवंगड्यांतून पसरते, आणि त्यासाठी माणसं भेटावी लागतात. स्वतः कर्णबधिर असलेल्या संशोधक ॲनेलीज कुस्टर्स यांनी २००९ मध्ये मुंबईच्या याच डब्यांवर अभ्यास प्रसिद्ध केला: मित्र गाठण्यासाठी लोक समोरची गाडी सोडतात, गप्पा अर्ध्यावर राहू नयेत म्हणून आपलं स्टेशन ओलांडून पुढे जातात.

"मग तो सरकारी कोश?" हा पुढचा प्रश्न. दिल्लीची भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण संस्था २०१५ची. तिचा कोश २०१८ मध्ये ३,००० शब्दांचा होता, २०२१ मध्ये १०,००० शब्दांचा झाला. काम मोलाचं आहे, पण वासिष्ठ, वुडवर्ड आणि विल्सन यांनी १९७०च्या दशकातच दिल्ली, मुंबई, कोलकाता, बंगळूरच्या खुणा ताडून पाहिल्या आणि त्यांतलं मोठं साम्य नोंदवलं होतं. उलरिके झेशान यांना तर दिल्ली आणि कराचीत शब्द थोडे वेगळे, पण व्याकरण एकच आढळलं. दोन्ही सरकारांनी मिळून ते ठरवलं असेल, असं तो जाणकारही म्हणणार नाही! दोन हातांची इंग्रजी मुळाक्षरं ब्रिटनमधून आली हे खरं. पण मुळाक्षरं म्हणजे भाषा नव्हे. बाईसाठी चमकीच्या जागी नाकपुडीला बोट, पुरुषासाठी मिशी, या खुणा इथल्याच. 'केव्हा'साठी वेळेची खूण आणि प्रश्नाची खूण, 'कुठे'साठी जागेची खूण आणि तीच प्रश्नाची. आणि प्रश्न येतो वाक्याच्या शेवटी. मराठीत आपण 'तू केव्हा आलास' म्हणतो, म्हणजे ही मराठीची हातांनी केलेली नक्कलही नाही. न्यायालयासाठी किंवा संगणकासाठी नव्या खुणा समिती सुचवू शकते. त्या टिकतात की नाही, हे वापरणारे हात ठरवतात.

बाकीचे समज किरकोळ. जगभर एकच सांकेतिक भाषा नाही. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये इंग्रजी एकच असली तरी तिथल्या सांकेतिक भाषा अगदी वेगळ्या आहेत. खुणा शिकल्याने मूल बोलायचं थांबतं याला आधार नाही. आणि ओठ वाचून सगळं कळतं, असं वाटणाऱ्यांनी आरशासमोर आवाज न काढता 'पार', 'बार', 'मार' म्हणून पाहावं.