पाण्यात फेकलेला हिशेब

युक्रेनमध्ये, कीव्ह शहराच्या उत्तरेला नीपर नदीच्या काठी मेझिहिर्या नावाची इस्टेट आहे. पसारा सुमारे 140 हेक्टर, म्हणजे जवळजवळ साडेतीनशे एकर! लाकडी ओंडक्यांचा टोलेजंग प्रासाद, प्राणिसंग्रहालय, गोल्फचं मैदान, जुन्या मोटारींचा ताफा, पाण्यावर जहाजाच्या आकाराचा भोजनकक्ष. राष्ट्राध्यक्ष व्हिक्टर यानुकोविच इथे राहायचे. फेब्रुवारी 2014 मध्ये जनआंदोलनापुढे त्यांनी पळ काढला, फाटकं उघडली आणि लोक थेट दिवाणखान्यात पोचले.

झुंबरांनी डोळे दिपतातच. पण मला विचाराल, तर इथला खरा चमत्कार भिजलेल्या कागदांचा आहे.

जाताना तिथल्या माणसांनी फायलींचे गठ्ठे शेजारच्या जलाशयात फेकून दिले होते. संपलं सगळं, असंच वाटेल ना? पाणबुडे खाली उतरले आणि सुमारे दोनशे फायली वर आल्या. वाचता येतील अशा!

हे झालं कसं? लेझर प्रिंटरवर छापलेल्या पानांवर पातळ शाई नसतेच. असते प्लास्टिकची बारीक पूड. उष्णतेने वितळून ती कागदाच्या तंतूंना चिकटते. प्लास्टिक पाण्यात विरघळणार कसं? कागद लिबलिबीत होतो, पण त्यावरची अक्षरं जागची हलत नाहीत. भिजलेल्या कागदाचा खरा शत्रू पुढे येतो, बुरशी. उबेत ती दोन-तीन दिवसांत पसरते. इथे फेब्रुवारीचं गारठलेलं पाणीच कागदांच्या मदतीला आलं.

मग पत्रकार आणि स्वयंसेवकांनी बोटींच्या गोदामात पानं मांडली, उन्हाळ्यात गच्चीवर वाळवण घालतात तशी. आणि पुढचं ऐका : राष्ट्राध्यक्ष ज्या सौनात घाम गाळायचे, त्याच कोरड्या उष्णतेत त्यांचेच हिशेब वाळले! पानापानाचे फोटो निघाले आणि काही दिवसांतच बिलं, पावत्या, करार इंटरनेटवर सगळ्या जगासाठी खुले झाले. तोवर कागदोपत्री मात्र यानुकोविच स्वतःच्या नावावर तिथलं एक छोटंसं घरच दाखवत आले होते.

इस्टेट सरकारजमा झाली, तिकीट काढून माणसं आत फिरू लागली. तिथला थाट बघताना हे कागद विसरू नयेत, असं मला मनापासून वाटतं.

तुमच्याही घरात कधी पुराचं पाणी शिरलं, तर भिजलेली कागदपत्रं लगेच रद्दीत टाकू नका. चिकटलेली पानं ओढू नका, पंख्याखाली पसरा. लगेच जमत नसेल, तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा, बुरशी थांबते.