डेटोनापर्यंतचं भाडं कोण भरणार?

डिसेंबर २०२५ मध्ये शार्लटच्या फेडरल न्यायालयात, अमेरिकेतल्या स्टॉक कार शर्यती चालवणाऱ्या नॅस्कारविरुद्धचा मक्तेदारीचा खटला उभा राहिला, तेव्हा सगळे मथळे मायकेल जॉर्डनने पळवले. बास्केटबॉलमधला एवढा मोठा माणूस मोटार शर्यतींच्या सत्ताधाऱ्यांविरुद्ध साक्ष देणार म्हटल्यावर कॅमेरे तिकडे वळणारच. पण १ डिसेंबरला पहिला साक्षीदार म्हणून उभा राहिला तो डेनी हॅमलिन. जॉर्डनचा 'ट्वेंटी-थ्री इलेव्हन' संघातला भागीदार, आणि स्वतः अजूनही जो गिब्ज यांच्या संघाची ११ क्रमांकाची गाडी चालवणारा ड्रायव्हर. या खेळात आपण कसे आलो, हे सांगताना वडिलांचा विषय निघाला आणि पंचेचाळीस वर्षांच्या या माणसाला रडू आवरेना.

खटला ११ डिसेंबरला तडजोडीने मिटला. संघांना कायमस्वरूपी चार्टर मिळाले, म्हणजे दर शर्यतीत जागेची आणि उत्पन्नातल्या वाट्याची हमी. त्यावर भरपूर लिहून झालं. अजिंक्यपद ठरवण्याची पद्धतही २०२६ मध्ये बदलली, तीही चर्चा झाली. हॅमलिनच्या डोळ्यांत पाणी का आलं, याकडे मात्र फारसं कुणी वळलं नाही. चार्टर मालकाच्या नावावर असतो, गाडी संघाची असते. गाडीत बसणारा माणूस तिथवर पोचतो कसा, आणि त्या प्रवासाचे पैसे कोण भरतं?

हॅमलिन व्हर्जिनियातल्या चेस्टरफील्डचा. सातव्या वर्षी गो-कार्ट, सोळाव्या वर्षी मिनी स्टॉक, त्यानंतर लेट मॉडेल. शनिवारी रात्री गावच्या छोट्या ट्रॅकवर पळणाऱ्या गाड्यांमधला हा सगळ्यात वरचा वर्ग. मुलाची गाडी ट्रॅकवर राहावी म्हणून आईवडिलांनी घर गहाण टाकलं. २००३ मध्ये त्याने लेट मॉडेलच्या ३६ शर्यतींपैकी २५ जिंकल्या, आणि तरी घरातले पैसे संपत आले होते. मग एक योग जुळला. गिब्ज यांचा संघ हॅमलिनच्या मालकाकडून लेट मॉडेल गाड्या विकत घेत होता. नॉर्थ कॅरोलिनातल्या हिकरीच्या ट्रॅकवर त्या गाड्यांची चाचणी चालली असताना गाडी चालवायला हॅमलिनला बसवलं होतं, आणि बाजूला उभे राहून जो यांचे चिरंजीव जे. डी. गिब्ज त्याच्याकडे बघत होते. २००४ मध्ये करार झाला, २००५ च्या शेवटी कप या नॅस्कारच्या सर्वोच्च मालिकेत पदार्पण झालं आणि २००६ मध्ये, पहिल्याच पूर्ण हंगामात, पोकोनोच्या दोन्ही शर्यती त्याने जिंकल्या. २०२५ च्या अखेरीस त्याच्या नावावर ६० विजय होते. त्यांत तीन वेळा डेटोना ५००, या खेळातली सगळ्यात मानाची शर्यत.

जे. डी. त्या दिवशी हिकरीला आलेच नसते तर? हा प्रश्न मला सोडत नाही. आपल्याकडे जत्रेतल्या फडात एखादं पोर चटकदार कुस्ती करतं, वस्तादाच्या नजरेत भरतं आणि कोल्हापूरच्या तालमीत जाऊन पोचतं. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत हिकरी, साउथ बोस्टन, मार्टिन्सव्हिल हे ट्रॅक पिढ्यान् पिढ्या तेच काम करत आले. हिकरीला १९५१ पासून शर्यती होतात. एक फेरी जेमतेम पाचशे-सहाशे मीटरची. विन्स्टन-सेलमचा बोमन ग्रे तर फुटबॉलच्या मैदानाभोवती काढलेला चारशे मीटरचा पट्टा आहे. तिथे चुकायला जागाच नाही, म्हणून तिथे शिकलेला ड्रायव्हर पक्का होतो.

कागदावरची शिडी सरळ आहे. चौदाव्या वर्षी नॅस्कारच्या साप्ताहिक मालिकेत लेट मॉडेल, पंधराव्या वर्षी आर्का या खालच्या मालिकेच्या छोट्या ट्रॅकवर, सोळाव्या वर्षी ट्रक मालिकेत, पण तिथेही आधी छोटेच ट्रॅक. मग दुसऱ्या क्रमांकाची मालिका, जिचं नाव २०२६ मध्ये एक्सफिनिटीचं ओरायली झालं. अठरा पूर्ण झाल्यावर कप. ही अठराची अट आली त्याला काइल बुशची गोष्ट कारणीभूत ठरली. २००१ मध्ये सोळा वर्षांचा काइल ट्रक मालिकेत झपाट्याने पुढे येत होता. कॅलिफोर्नियाच्या फाँटानात तो ट्रक शर्यतीसाठी आला, त्याच आठवड्याअखेरीस तिथे दुसरी मोठी शर्यत होती, आणि तिचा प्रायोजक मार्लबरो. तंबाखू कंपन्यांशी सरकारांनी केलेल्या करारानुसार अशा कार्यक्रमात अल्पवयीन स्पर्धक चालत नव्हता. काइलला ट्रॅकवरून परत पाठवलं आणि पुढच्या वर्षी नॅस्कारने सरसकट अठराचा नियम केला. नंतर धाकट्यांसाठी खालच्या मालिकांची दारं पुन्हा किलकिली झाली.

शिकायचं काय असतं? वेग हा त्यातला सोपा भाग. गाडी 'लूज' आहे की 'टाइट', म्हणजे वळणावर मागची चाकं सुटतात की पुढची चाकं वळायचंच नाकारतात, हे पोराला पाठीच्या मणक्यात कळलं पाहिजे. आणि कळलेलं दोन वाक्यांत रेडिओवर क्रू चीफला सांगता आलं पाहिजे, कारण पुढच्या पिट स्टॉपला काय बदलायचं ते त्यावर ठरतं. टायर शेवटच्या वीस फेऱ्यांसाठी राखायचे. वर स्टँडवर बसलेल्या स्पॉटरच्या आवाजावर डोळे मिटून विश्वास ठेवायचा, कारण शेजारच्या गाडीचा बंपर आपल्या दारापासून किती दूर आहे हे आपल्याला दिसत नाही. हे सगळं तीन-चार तास, आतलं तापमान पन्नास अंशांच्या वर असताना. २०२२ पासून सगळ्या संघांच्या गाड्यांचा जवळपास प्रत्येक सुटा भाग त्या भागासाठी ठरलेल्या एकाच पुरवठादाराकडून येतो, त्यामुळे यंत्राच्या जोरावर मिळणारी आघाडी जवळपास संपली. उरली ती माणसाची तयारी.

इथे मला जॉश वाइजबद्दल सविस्तर सांगायचं आहे. कॅलिफोर्नियाच्या रिव्हरसाइडचा हा गुणी ड्रायव्हर कपपर्यंत पोचला, पण अशा संघांत ज्यांच्याकडे पूर्ण शर्यत पळण्याइतके टायर घ्यायलाही पैसे नसत. २०१२ मध्ये त्याच्यावर कितीतरी रविवारी एकच काम होतं : शर्यत सुरू करायची, काही फेऱ्या मारायच्या, गाडी गॅरेजमध्ये आणून लावायची आणि शेवटच्या क्रमांकाचं बक्षीस घेऊन निघायचं. शर्यतीसाठी जन्मलेल्या माणसाला दर आठवड्याला शर्यत सोडून द्यावी लागते, याहून क्रूर नोकरी मला या खेळात दिसत नाही. २०१४ मध्ये इंटरनेटवरच्या चाहत्यांनी डोजकॉइन या चलनात वर्गणी काढली, सुमारे ५५ हजार डॉलर जमवले आणि तालाडेगाच्या शर्यतीसाठी त्याची ९८ क्रमांकाची गाडी रंगवली. तो विसावा आला. त्याच महिन्यात चाहत्यांच्या मतांवर, लोकप्रिय ड्रायव्हर डॅनिका पॅट्रिकला मागे टाकून, तो ऑल-स्टार शर्यतीत गेला आणि पंधरावा आला. म्हणजे संधी मिळाल्यावर माणूस कमी पडला नव्हता.

पैशाअभावी वाइजची कारकीर्द पुढे विरत गेली. त्यानंतर त्याने जे केलं ते फार मोलाचं आहे. चिप गनासी यांच्या संघात तो ड्रायव्हरांचा प्रशिक्षक झाला आणि पुढे शेव्हरोलेच्या ड्रायव्हरांना घडवू लागला. व्यायाम, झोप, आहार, उष्णता सोसण्याची सवय. शिवाय आधीच्या शर्यतींची चित्रफीत आणि आकडेवारी घेऊन, कोणत्या वळणावर ब्रेक कधी सोडला इथपर्यंतची उजळणी. ड्रायव्हरकडे पूर्ण वेळचा खेळाडू म्हणून बघायचं, ही शिस्त या खेळात रुजवणाऱ्यांत वाइजचं नाव वरच्या रांगेत घ्यावं लागेल. काइल लार्सन आणि रॉस चॅस्टेन त्याच्या हाताखालून गेले. चाळिशीच्या आत ज्याला ट्रॅक सोडावा लागला, त्याने इतरांची ट्रॅकवरची वर्षं वाढवली.

चॅस्टेनचंच बघा. फ्लोरिडातल्या कलिंगड पिकवणाऱ्या घरातला मुलगा. कमकुवत गाड्यांत वर्षानुवर्षं घासल्यावर २०१८ मध्ये गनासी यांनी त्याला दुसऱ्या मालिकेत मोजक्या शर्यतींसाठी चांगली गाडी दिली आणि त्याने लास व्हेगास जिंकलं. पुढच्या वर्षाची पूर्ण सीट जाहीर झाली. डिसेंबरात प्रायोजक असलेल्या डीसी सोलर कंपनीवर एफबीआयची धाड पडली, कंपनीचा सगळा व्यवहारच फसवणुकीचा निघाला आणि चॅस्टेनची सीट गेली. त्याचा दोष काय? तो पुन्हा ट्रक मालिकेत उतरला आणि २०१९ मध्ये तिथे उपविजेता ठरला, म्हणून आज आपण त्याचं नाव घेतो. किती जण असे परत येऊ शकले नसतील.

नवी वाट विल्यम बायरनची. घरच्या संगणकावर आयरेसिंग या आभासी शर्यतींच्या खेळात शंभराहून जास्त शर्यती जिंकल्यानंतर, पंधराव्या वर्षाच्या आसपास तो पहिल्यांदा खऱ्या गाडीत बसला. २०१६ मध्ये ट्रक मालिकेत सात विजय, २०१७ मध्ये दुसऱ्या मालिकेचं अजिंक्यपद, २०१८ मध्ये हेंड्रिकची कपची गाडी, २०२४ आणि २०२५ मध्ये लागोपाठ डेटोना ५००. प्रतिभा विलक्षण, यात शंकाच नाही. पण लिबर्टी विद्यापीठासारखा प्रायोजक लेट मॉडेलपासून त्याच्याबरोबर वर चढत आला, हेही त्या यशाच्या पोटात आहे. जॉश बेरीकडे असं कुणी नव्हतं. बँकेत नोकरी करणारा हा तरुण आयरेसिंगवर नामवंत ड्रायव्हर आणि संघमालक डेल अर्नहार्ट ज्युनिअरच्या ओळखीचा झाला, २०१० पासून त्यांच्या लेट मॉडेल गाड्या चालवत राहिला आणि कपमधली पूर्ण वेळची सीट मिळायला २०२४ उजाडलं. २०२५ मध्ये लास व्हेगासला तो कपची पहिली शर्यत जिंकला. बायरनला थोड्याच वर्षांत जिथे नेलं गेलं, तिथे पोचायला बेरीला चौदा वर्षं लागली. या फरकातला मोठा भाग पैशाचा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

खटल्यात संघांनी जे मांडलं त्यावरून हे का होतं ते कळतं. एक गाडी वर्षभर पळवायला सुमारे दोन कोटी डॉलर लागतात आणि चार्टरमधून हमखास येतात सव्वा कोटीच्या आसपास. उरलेला खड्डा प्रायोजक भरतो. म्हणून मालक नव्या ड्रायव्हरला आधी विचारतो, बरोबर कोण येणार? खालच्या मालिकांत तर सीट सरळ विकत घेतली जाते, बापाच्या पैशाने नाहीतर बापाच्या ओळखीतल्या कंपनीच्या. आणि एकदा वर गेल्यावरही हे सुटत नाही. २००५ पासून हॅमलिनच्या गाडीवर प्रायोजक असलेलं फेडेक्स २०२४ च्या हंगामानंतर निघून गेलं. तोवर त्याचे पन्नासहून जास्त विजय झाले होते.

नोव्हेंबर २०२५ मधली फिनिक्सची, हंगामातली शेवटची शर्यत आठवा. हॅमलिनने २०८ फेऱ्या आघाडी राखली, तीन फेऱ्या उरल्या असताना बायरनचा टायर गेला, पिवळा झेंडा आला आणि पहिलं अजिंक्यपद हातातून निसटून लार्सनकडे गेलं. लार्सनने त्या दिवशी एकाही फेरीत आघाडी घेतली नव्हती. त्या विजेत्याबद्दल तेव्हा हळहळीपोटी बरंच वाईट बोललं गेलं. पण लार्सन स्टॉक कारमध्ये आला कसा, ते फार थोड्यांनी लक्षात घेतलं. २००४ मध्ये नॅस्कारने 'ड्राइव्ह फॉर डायव्हर्सिटी' हा उपक्रम सुरू केला. ज्या समाजांतून ड्रायव्हर येत नव्हते तिथली मुलं शोधायची आणि त्यांना गाडी द्यायची. जपानी वंशाच्या आईचा मुलगा असलेला लार्सन २०१२ मध्ये त्याच उपक्रमाच्या गाडीत पूर्वेकडची प्रादेशिक मालिका जिंकला. कप शर्यत जिंकणारा पहिला मेक्सिकन डॅनियल स्वारेझ तिथलाच. १९६३ मधल्या वेंडेल स्कॉटनंतर तब्बल ५८ वर्षांनी कप शर्यत जिंकलेला कृष्णवर्णीय ड्रायव्हर बबा वॉलेसही तिथलाच. संगणकावर शिकून २०२४ मध्ये ट्रक शर्यत जिंकलेला राजा करूथही. खेळाने स्वतः सीटचे पैसे भरले की काय निघतं, त्याचा याहून मोठा पुरावा कुठला हवा?

आपल्याकडच्या वाचकांना फॉर्म्युला वनची वाट ठाऊक आहे. मुंबईचा जेहान दारूवाला कार्टिंगमधून युरोपात गेला आणि फॉर्म्युला टूपर्यंत पोचला, ते आपण पाहिलं. स्टॉक कारची वाट एका भारतीयाने चाखली आहे, हे मात्र बरेच जण विसरले. कोइम्बतूरचा नारायण कार्तिकेयन २०१० मध्ये ट्रक मालिकेत उतरला, मार्टिन्सव्हिलच्या पहिल्याच शर्यतीत तेरावा आला आणि त्या मालिकेचा सर्वांत लोकप्रिय ड्रायव्हरही ठरला. पुढच्या वर्षी तो फॉर्म्युला वनमध्ये परतला.

कपमध्ये चार्टर ३६ आहेत. आता ते कायमचे झाले, म्हणजे त्यांची किंमत वाढणार आणि ती मालकांच्या खात्यात राहणार. शिवाय दूरचित्रवाणीचा सात वर्षांचा ७७० कोटी डॉलरचा करार आहेच. यातून दर चार्टरमागे लेट मॉडेलची एक सीट, पैसे न आणता आलेल्या मुलासाठी, एवढी अट तडजोडीत घालता आली असती. दोन्ही बाजूंच्या वकिलांत ती कुणी मागितल्याचं माझ्या वाचनात आलं नाही. बहुतेक संघांची वर्कशॉप शार्लटच्या आसपास आहेत आणि हिकरी तिथून गाडीने तासाभरावर. घर गहाण ठेवलेल्या बापाचा मुलगा कोर्टात रडला, त्या आठवड्यात ही मागणी करण्याची सगळ्यात चांगली संधी होती. आता पुढच्या कराराची वाट न बघता हॅमलिन आणि जॉर्डन यांनी आपल्याच संघापासून अशी सीट सुरू करावी.